महेश्वरचा वाडा आणि तिथे जायची वाट

दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्याच मंडळाच्या बैठकीत मी अहिल्याबाईंवर एक निबंध वाचला होता. इंदूरच्या गडबडीपासून दूर, नर्मदेकाठी शांतपणे ईश्वरचिंतन करता यावं म्हणून मातोश्रींनी महेश्वरचा एकांत पत्करला, असं त्यात एक वाक्य होतं. वाक्य गोड होतं, लोकांना आवडलं, पुढे दोघा-तिघांनी आपल्या लेखांत ते उचललंही. ते वाक्य मला आज मागे घ्यायचं आहे. नवीन कागद सापडला म्हणून नव्हे. या हिवाळ्यात मी पहिल्यांदाच महेश्वरला बसने गेलो, म्हणून.

पहिल्यांदाच म्हणजे मोठेपणी. लहानपणी वडिलांबरोबर सरवट्यावरून लाल बसने गेल्याचं पुसट आठवतं. पुढे नोकरी, मग स्वतःची गाडी. महेश्वर म्हणजे सकाळी निघून दुपारी घाटावर फोटो काढून रात्री जेवायला घरी. मंडळाची सहलही अशीच, दोन-तीन गाड्या भाड्याने करून. यंदा वर्गणीचा आकडा सांगितला तेव्हा निवृत्त मंडळींपैकी पाच-सहा जणांनी हळूच नावं मागे घेतली. कुणी गुडघ्याचं कारण दिलं, कुणी घरी पाहुणे आहेत म्हणालं. खरं कारण सगळ्यांना कळलं. मग मी म्हटलं, बसने जाऊ. त्यावर चर्चा झाली ती शनिवारवाड्यातल्या खलबतांना लाजवणारी होती, पण शेवटी नऊ जण निघालो. सगळ्यात वडील होत्या अठ्याहत्तर वर्षांच्या एक काकू. त्यांच्या घरातली माणसं सहा पिढ्यांपूर्वी होळकरांच्या दफ्तरात कारकुनीला आली, आणि त्या स्वतः मात्र महेश्वरला एकदाच, लग्नानंतर लगेच, गेलेल्या.

आधी व्यवहाराचं सांगतो. इंदूर ते महेश्वर नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. मध्य प्रदेशचं राज्य परिवहन या शतकाच्या पहिल्या दशकातच आवरलं गेलं, तेव्हापासून सगळ्या गाड्या खाजगी. कुठल्या मार्गाची गाडी कुठल्या स्टँडवरून सुटेल हे इंदुरात अधूनमधून बदलतं, म्हणून आदल्या दिवशी चौकशी केलेली बरी. थेट महेश्वरची गाडी मिळाली तर उत्तम. नाही तर धामनोदपर्यंत कुठलीही, तिथून पुढे तेरा-चौदा किलोमीटर दुसरी. वेळ अडीच तास म्हणतात, तीन धरा. सरवटे स्टँडचं नाव आपल्यापैकी अनेकजण रोज घेतात. ते विनायक सीताराम सरवटे म्हणजे संविधान सभेत बसलेले इंदूरचे मराठी गृहस्थ आणि मराठी साहित्याचे अभ्यासक, हे तरुण मंडळींना सांगावं लागतं. आम्ही पोहे-जिलेबी खाऊन साडेसातला गाडीत बसलो.

महू गेलं, मानपूर गेलं आणि गाडी उताराला लागली. हा गणपती घाट. आपल्या कारमध्ये काचा वर करून, गाणी लावून उतरताना तो कळतच नाही. बसमध्ये कळतो. ड्रायव्हर खालच्या गियरमध्ये गाडी धरून ठेवतो, इंजिन गुरगुरतं, पुढच्या ट्रकच्या ब्रेकचा जळका वास आत येतो, कानात दडे बसतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे आणि महेश्वर दीडशेच्या आसपास. म्हणजे चारशे मीटर खाली उतरायचं, आणि त्यातलं बरंचसं या एका टप्प्यात. मी आयुष्यभर पाइपलाइनी आणि उतारांचे हिशेब केले, तरी माळवा हा एक कट्टा आहे आणि निमाड त्याच्या पायाशी आहे हे पोटात गोळा येऊन समजायला बसच लागली. गुजरीला गाडी थांबली तेव्हा स्वेटर काढावे लागले. चढणारी माणसं निमाडी बोलत होती. शेतात गव्हाच्या जागी कापसाच्या काड्या आणि वाळत घातलेल्या मिरच्या दिसायला लागल्या.

धामनोदला हमरस्ता सरळ खलघाटच्या पुलाकडे जातो. मुंबईला जाणारे ट्रक, धुळ्या-शिरपूरकडे जाणाऱ्या आपल्या महाराष्ट्राच्या एस.टी., सगळं तिकडे. महेश्वरला जाणारी गाडी मात्र डावीकडे वळते. ते वळण लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

बस स्टँडवरून किल्ल्यापर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं. काकूंसाठी ई-रिक्षा केली, बाकीचे बाजारातून चालत गेलो. दोन्ही बाजूला साड्यांची दुकानं, आतून मागाचा खटखट आवाज. विणकरांना बाहेरून आणून इथे बसवलं ते अहिल्याबाईंनी. मध्यंतरी हा धंदा बसत आला होता, तो १९७८-७९ पासून रेहवा संस्थेच्या प्रयत्नाने पुन्हा उभा राहिला. त्यावर मंडळात स्वतंत्र निबंध वाचून झालेला आहे, मी लांबण लावत नाही.

आपण किल्ल्यात शिरतो ते जमिनीच्या बाजूने, म्हणजे मागून. चढ चढून दरवाजा, दरवाज्यातून आत राजवाडा. आणि राजवाडा पाहून नवखा माणूस हमखास विचारतो, एवढाच? लाकडी खांब, कौलं, मधे चौक, ओसरीवर पांढऱ्या गादी-लोडाची बैठक. पुण्या-साताऱ्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी सरदाराचा वाडा याहून मोठा असेल. आपण इंदूरचा सात मजली राजवाडा किंवा लालबाग डोळ्यांत घेऊन आलेलो असतो, त्यामुळे हे होतं. मात्र अठ्ठावीस वर्षं माळव्याचा कारभार इथून चालला. देवघरात मातीच्या छोट्या छोट्या पिंडी करून, पूजा करून नर्मदेत सोडायचा त्या काळचा नेम अजून चालू आहे. वाड्याच्या एका भागात आता होळकर घराण्याने चालवलेलं हॉटेल आहे, तिथलं एका रात्रीचं भाडं सांगून मी कुणाचा दिवस खराब करत नाही.

वाड्यातून पायऱ्या उतरत खाली आलं की अहिल्येश्वराचं देऊळ आणि समोर विठोजीची छत्री. विठोजी म्हणजे यशवंतरावांचा भाऊ, ज्याला १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. त्याच्या छत्रीच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे. घडवणाऱ्याच्या मनात काय होतं देव जाणे; मला तिथून लवकर पुढे जावंसं वाटतं. आणखी खाली उतरलं की घाट, आणि एकदम सगळं उघडं: पाणी, नावा, मधोमध बाणेश्वराचं छोटं देऊळ. घाटाच्या पायऱ्या मी तीन वेळा मोजल्या आहेत आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला, कारण वर ओंकारेश्वरचं धरण आहे आणि तिथून किती पाणी सोडलंय त्यावर खालच्या पायऱ्या दिसायच्या की नाही हे ठरतं. म्हणून आकडा देत नाही.

काकू एका बुरुजाच्या सावलीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अरे, आपण तर मागच्या दाराने आलो. पुढचं दार नदीकडे आहे. मग त्या काळी माणसं यायची कुठून? पाण्यातून?"

मी हसून काहीतरी उत्तर दिलं आणि समोर पाहिलं. समोरच्या काठावर नावडाटोली दिसत होती. आणि मग मला ते गोड वाक्य आठवलं आणि मी गप्प बसलो.

नावडाटोली म्हणजे नावाड्यांची वस्ती. हे नाव इतिहासाच्या वाचकाला अनोळखी नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातली मंडळी यांनी १९५२-५३ मध्ये महेश्वर आणि नावडाटोली, दोन्ही काठ एकाच वेळी खणले. त्या टेकाडांत ताम्रपाषाण युगातली वस्ती सापडली, इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकातली. गोल आणि चौकोनी झोपड्या, रंगवलेली भांडी, साठवलेलं धान्य. सांकलियांनी हे ठिकाण निवडलं त्यामागे एक कारण असं, की जुन्या साहित्यातली माहिष्मती ती हीच असावी असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. काहीजण तो मान मांधात्याला म्हणजे ओंकारेश्वरला देतात, तो वाद आहेच. पण पाली सुत्तनिपातात बावरीचे शिष्य बुद्धाच्या भेटीला निघतात तेव्हाच्या मुक्कामांची यादी आहे, ती पाहा: पतिट्ठान, मग माहिस्सति, मग उज्जेनी. पैठण, माहिष्मती, उज्जैन. दक्षिणेतून उत्तरेत जायचा हमरस्ता, आणि त्या रस्त्यावरचा नर्मदेचा उतार.

हा उतार इथेच का, याचं उत्तर मी एका अभियंत्याचा अंदाज म्हणून देतो. महेश्वरच्या थोडं खाली सहस्रधारा आहे. तिथे पात्रात काळ्या खडकाचा उंबरठा आडवा आलाय आणि नदी शेकडो धारांत फुटून खाली जाते. पाण्याला इतका जोर, की २०२३ च्या खेलो इंडियातल्या कनू स्लॅलमच्या शर्यती तिथेच झाल्या. आता असा उंबरठा म्हणजे निसर्गाने बांधलेला बंधारा. बंधाऱ्याच्या खाली पाणी खवळलेलं, आणि वर तुंबून संथ, खोल, रुंद. नाव घालायची तर अशाच पाण्यात घालतात. उत्तरेच्या काठाला उंच खडक, पुरातही न बुडणारा, म्हणजे किल्ल्याला जागा. दक्षिणेला उतरता मातीचा काठ, म्हणजे नावा ओढून ठेवायला जागा. एकदा हे नकाशावर पाहिलं की वाडा तिथे का आहे हे विचारावं लागत नाही.

आता १७६७ साल घ्या. कुंभेरीला १७५४ मध्ये खंडेराव पडलेले, १७६६ मध्ये आलमपूरला मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा मालेराव गेला. गंगाधर यशवंत चंद्रचूडांच्या सल्ल्याने राघोबादादा दौलतीवर डोळा ठेवून फौजेसह माळव्यात आलेला. बाईंनी तो प्रसंग कसा निभावला हे आपण शाळेपासून ऐकतो. माधवराव पेशव्यांनी कारभार बाईंकडेच ठेवला, फौजेचं काम तुकोजींकडे गेलं. तुकोजी वर्षानुवर्षं मोहिमेवर, कधी दक्षिणेत तर कधी हिंदुस्थानात. अशा वेळी कारभार करणाऱ्या माणसाने कुठे बसावं? जिथून पुण्याची पत्रं लवकर येतील, दक्षिणेतून येणारी-जाणारी प्रत्येक फौज, प्रत्येक तांडा, प्रत्येक यात्रेकरू नजरेखालून जाईल, आणि पाठीशी विंध्याचा चारशे मीटरचा कट्टा असेल तिथे. बाई नर्मदेच्या उताराच्या उशाशी जाऊन बसल्या. एकांतात गेल्या म्हणणं म्हणजे टोलनाक्यावर बसलेल्या माणसाला संन्यासी म्हणण्यासारखं आहे.

याला कागदाचा आधारही आहे, तो माझ्या कपाटातच होता. 'महेश्वर दरबारची बातमीपत्रे' पारसनिसांनी छापून ठेवली आहेत. पुणे दरबारचा वकील महेश्वरात मुक्काम ठोकून नाना फडणिसांना बातम्या कळवत असे. कोण आलं, कोण गेलं, कोणाचं बिनसलं. एकांताच्या जागी कुणी वकील बसवत नाही. मी ही पत्रं निबंधाच्या आधी वाचली होती, त्यातून दानधर्माचे उल्लेख तेवढे टिपून घेतले होते. मला साध्वी हवी होती, ती सापडली. आपल्या डोक्यातल्या या साध्वीला माल्कमचाही हात लागलेला आहे. माल्कम माळव्यात आला, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून बाईंच्या आठवणी गोळा केल्या आणि १८२३ च्या ग्रंथात घातल्या. चित्र खोटं नाही. बाई धर्मनिष्ठ होत्याच, नर्मदेवर श्रद्धा होतीच. पण त्याच चित्रात त्या रोज दरबारात बसून तक्रारी ऐकत होत्या, हेही आहे. आपण ते पटकन ओलांडतो.

सहलीनंतर पंधरा दिवसांनी मी एकटा पुन्हा निघालो, या वेळी महूहून जाम घाटाच्या वाटेने. नेहमीच्या बस धामनोदवरून जातात, या बाजूला मला मंडलेश्वरला जाणारी एक जीप मिळाली, बारा माणसं आणि दोन बकऱ्या. कट्ट्याच्या अगदी कडेवर, जिथून खाली सगळं निमाड पसरलेलं दिसतं, तिथे अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला जाम दरवाजा उभा आहे. पावसाळ्यात इंदूरची तरुण मुलं धुकं पाहायला आणि भुट्टे खायला इथे गर्दी करतात. दरवाजा पाहा, पण त्याच्या दोन्ही बाजू पाहा. आजूबाजूला तटबंदी नाही, गाव नाही. भिंतीशिवाय दार का बांधलं? कारण दार रस्त्याचं होतं. माळव्यातून महेश्वरला उतरणारी वाट इथून जायची आणि तिच्यावर चौकी होती. जीपवाल्याने मला पाच मिनिटं दिली. बकऱ्यांना मात्र घाई नव्हती.

मग हे सगळं मोडलं कसं? १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई हरलो, ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला, आणि तात्या जोगांनी राजधानीची घडी इंदुरात बसवली. उतारावर नजर ठेवायला फौज हवी आणि ती आता इंग्रजांची होती. आग्रा-मुंबई हमरस्ता खलघाटवरून गेला, महेश्वरला डावीकडे टाकून. मघाशी म्हटलं ते वळण हेच. नंतर रेल्वे. दुसऱ्या तुकोजीरावांनी इंदूर-खंडवा मार्गासाठी एक कोटी रुपये कर्ज दिलं, म्हणून तो होळकर स्टेट रेल्वे. मुंबईची मुख्य लाइन खंडव्याहून जात होती, आणि कट्टा चढायला चोरल नदीची दरी सोयीची होती. साहजिकच गाडी पाताळपाणी, कालाकुंड, बडवाहवरून जाऊन मोरटक्क्याला नर्मदा ओलांडू लागली. महेश्वर पुन्हा चाळीसेक किलोमीटर बाजूला. पूर्वी आपली मंडळी बडवाहला उतरून तिथून बैलगाडीने, पुढे बसने महेश्वरला जात. काकू लग्नानंतर तशाच गेल्या होत्या, कालाकुंडच्या स्टेशनावर पळसाच्या पानातला कलाकंद खाऊन. ती मीटरगेज २०२३ च्या सुरुवातीला ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. पाताळपाणी ते कालाकुंड एवढ्या तुकड्यावर वारसा गाडी चालते. ती सहल आहे, प्रवास नव्हे.

दोनदा बाजूला पडल्यामुळेच महेश्वर वाचलं असं मला वाटतं. पूल झाला असता तर घाटाची काय दशा झाली असती याचा नमुना खलघाटला जाऊन पाहावा. म्हणून २०२४ च्या सप्टेंबरात मंजूर झालेल्या इंदूर-मनमाड रेल्वेची बातमी ऐकून मला आनंद आणि धास्ती दोन्ही झालं. ३०९ किलोमीटर, अठरा हजार कोटींवर खर्च, आणि महाराष्ट्राकडे जाणारा सरळ मार्ग. पैठण-उज्जैनची वाट दोन हजार वर्षांनी रुळांवर येते आहे, असं म्हणायला हरकत नाही. निमाडातली स्टेशनं जवळ आली की महेश्वरला गर्दी किती वाढेल आणि घाट ती कशी सोसेल, याचा विचार आत्ताच व्हायला हवा. मंडळाने याबद्दल एक निवेदन तयार करावं असं मी सुचवतो. गर्दी येऊ नये असं त्यात लिहू नये. ज्यांना गाडी भाड्याने करणं परवडत नाही त्यांनाही वाडा पाहायचा असतो, हे यंदा मी नऊ माणसांत पाहिलं. बस स्टँडवरून घाटापर्यंत सावली, बसायला दोन-चार जागा, स्वच्छ संडास, आणि जाम दरवाज्यावरून दिवसाला दोन तरी मिनीबस, एवढं मागावं.

सहलीच्या दिवशी दुपारी आम्ही नाव केली. नावाड्याने आधी बाणेश्वराला न्यायचं म्हटलं, काकूंनी नावडाटोली सांगितली. तो म्हणाला, तिकडे पाहायला काही नाही. काकू म्हणाल्या, चल तरी. नाव मधोमध आल्यावर सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मघाशी आतून 'एवढाच?' वाटलेला वाडा आता घाट, देऊळ, छत्री, तट या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला होता, आणि पात्रातली एकही जागा अशी नव्हती जिथून तो दिसत नव्हता. म्हणजेच, जिथे त्याची नजर पोचत नव्हती. दक्षिणेतून आलेला माणूस पैलतीरावर नावेची वाट पाहत उभा राहिला, की त्याने पहिल्यांदा पाहायचं ते हे. नाव येईपर्यंत, पाणी ओलांडेपर्यंत, तो वाड्याच्या नजरेखाली.

पलीकडे उतरून पंधरा मिनिटं थांबलो. काकूंनी पाण्यात पाय सोडले. आमच्यातल्या एकाने टेकाडावर मातीच्या भांड्याचा तुकडा उचलला होता, तो मी परत ठेवायला लावला.

परतीची थेट गाडी पाचला होती असं सांगितलं होतं, ती साडेचारलाच निघून गेली. मग महेश्वर ते धामनोद एका गाडीने, धामनोद ते इंदूर दुसऱ्या गाडीने, त्यात चार जण घाट चढेपर्यंत उभे. काकूंना एका निमाडी मुलाने उठून जागा दिली. तुम्ही जाल तेव्हा परतीची वेळ उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून ठेवा, आणि दोघांना विचारा.